तोच हा कीं दुसरा ?

सदतीस वर्षें शाळेंत काढलेल्या माणसास एक अभिमान हटकून जडतो. आपणांस माणूस ओळखतां येतो, हा तो अभिमान. आम्हांसही तो होता. जुनी मॅट्रिक होऊन आम्ही शिक्षकाच्या खुर्चीवर बसलों, ते केस पांढरे झाल्यावरच उठलों. इतक्या काळांत किती पोरें हाताखालून गेलीं ह्याचा हिशेब नाहीं. पण जिन्यावरील पावलांच्या आवाजावरून उशिरां कोण आला हें आम्ही पाठमोरे असतांनाहि सांगत असूं, आणि नांव न घातलेली उत्तरपत्रिका अक्षरावरून धन्यास परत करीत असूं. घरांत तर "अण्णांनीं एकदां पाहिलें म्हणजे दगडावरची रेघ" अशी म्हणच पडून गेली होती. गेल्या मार्गशीर्षांत एका रात्रीं ती म्हण मोडली, आणि ती मोडणारा निघाला एक वाघ.

देवपुरांत पांझरेच्या कांठाजवळ आमचें जुनें घर आहे. लहानमोठीं मिळून चौदा माणसें एका चुलीवर जेवतात. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू प्राणिशास्त्र शिकून जंगलांतील श्वापदांच्या गणनेच्या कामावर मदतनीस म्हणून हिंडत असतो. चार दिवसांच्या सुटीवर आला, तो काखोटीस संगणक मारून. जेवणें आटोपलीं, माजघरांत सतरंजी पडली, आणि त्यानें पडद्यावर दोन छायाचित्रें शेजारीं शेजारीं मांडलीं. एक भर उन्हांतील पिवळें, दुसरें रात्रीचें राखी रंगाचें. "आजोबा," तो म्हणाला, "हे दोन वाघ, कीं एकच वाघ दोनदां ?"

आम्हीं चष्मा पुसला, दोन्ही चित्रें न्याहाळलीं आणि निकाल दिला : "दोन." कारणेंहि तीन दिलीं. पहिला लठ्ठ, दुसरा रोड. पहिल्याचें डोकें रुंद, दुसऱ्याचें निमुळतें. आणि दुसऱ्याची चाल म्हाताऱ्याची. बंधूंनीं मान डोलावली, मुलांनीं डोलावली. तेवढ्यांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यांत हात पुशीत उभी असलेली आमची धाकटी सून हळूच म्हणाली, "मामंजी, मला तर एकच वाटतो. मागच्या पायाच्या वर तो फाटा पहा ना. वर दोन रेघा, खालीं त्यांची एक झालेली, आणि पोटांत एक तुटका तुकडा. दोन्हीकडे तस्साच आहे."

नातवानें टाळी वाजविली. "काकू, तू तर आमच्या साहेबांच्या वरताण निघालीस !" आम्हीं चष्मा पुन्हां पुसला. फाटा होता, तुकडाहि होता. "तुला हें दिसलें कसें ?" असें आम्हीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "मी पट्टे पाहिलेच नाहींत. मधली मोकळी जागा पाहिली. रांगोळींत एक रेघ चुकली, कीं आधीं मोकळी जागाच बिघडते."

नातवानें मग जें सांगितलें त्याचा मतलब असा. शिकार करून पोट भरलेला वाघ लठ्ठ दिसतो, चार दिवसांचा उपाशी वाघ रोड दिसतो. उजेड, ऋतु, वय आणि उभें राहण्याची ढब ह्यांनीं सारें बदलतें. बदलत नाहीं तो एक पट्ट्यांचा आराखडा. बोटांच्या ठशाप्रमाणें तो जन्मापासून मरेपर्यंत कायम राहतो आणि दोन वाघांचा सारखा नसतो. इतकेंच नव्हे, तर एकाच वाघाची डावी कूस उजव्या कुशीशीं जुळत नाहीं. आम्हीं जीं तीन कारणें मोठ्या ऐटीनें मांडलीं, तीं तिन्ही बदलणाऱ्या गोष्टींचीं होतीं. सूनबाईनें जें न बदलणारें, तेवढेंच पाहिलें होतें.

हीं चित्रें काढण्यास तेथें माणूस बसलेला नसतो. वाघास पाऊलवाटेनें, नाल्याच्या वाळूंतून किंवा गाडीरस्त्यानें चालणें आवडतें. अशा वाटेच्या दोन्ही अंगांस गुडघाभर उंचीवर एकेक कॅमेरा बांधून ठेवतात. पुढून ऊबदार देह हालला, कीं यंत्रास ती ऊब कळते आणि तारीख-वेळेसह चित्र आपोआप निघतें. मग त्यांत वाघ येतो, अस्वल येतें, गांवांतली गाय येते, आणि मोळी घेऊन निघालेली म्हातारीहि येते. कॅमेरे दोन कां, हा प्रश्न आम्हीं विचारला. उत्तर असें, कीं दोन्ही कुशी एकाच क्षणीं टिपल्या जाव्यात. कॅमेरा एकच असला, आणि आज डावी कूस व उद्यां उजवी कूस मिळाली, तर तो एक वाघ कीं दोन, हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. हें उत्तर आम्हीं त्या वेळीं केवळ ऐकून घेतलें. त्याचा खरा अर्थ पुढें कळावयाचा होता.

बिबट्याच्या अंगावर पट्ट्यांऐवजीं पाकळ्यांसारखे पुंजके असतात. त्यांवरूनहि एकेक बिबट्या ओळखतां येतो. बालपणीं पाठ केलेल्या अमरकोशांत व्याघ्राच्या नांवांत 'द्वीपिन्' असा एक शब्द आहे, आणि पुढें तो बिबट्यासहि लावतात. द्वीपिन् म्हणजे ज्याच्या अंगावर द्वीपें आहेत तो. ज्या कोणीं हा शब्द प्रथम उच्चारला, त्यानें त्या अंगाकडे सूनबाईप्रमाणेंच पाहिलें असावें. ठिपके आणि त्यांमधला समुद्र, दोन्ही त्यास दिसले असावेत. तरसाच्या अंगावरील पट्टेहि असेच कामीं येतात. सांबर किंवा रानडुक्कर ह्यांच्या अंगावर मात्र अशी खूण नसते. तेथें ही युक्ति लंगडी पडते.

न्यायशास्त्र शिकतांना आमचे गुरुजी 'प्रत्यभिज्ञा' समजावून सांगत. पूर्वीं एकदां देवदत्तास पाहिलें होतें, आज पुन्हां एक मनुष्य समोर आला, आणि 'तोच हा देवदत्त' असें ज्ञान झालें. ह्यास प्रत्यभिज्ञा म्हणावें. ह्यांत आठवण आहे, प्रत्यक्षहि आहे, आणि त्या दोहोंचा सांधा आहे. सांधा चुकला तर आठवण खरी, प्रत्यक्षहि खरें, आणि निवाडा मात्र खोटा, असा प्रकार होतो. तेव्हां आम्हांस हा शब्दांचा कीस वाटे. आतां त्यावर सरकारचा मोठा कारभार चालतो.

तो कसा चालूं लागला, हेंहि ऐकण्यासारखें आहे. पूर्वीं वाघ मोजीत ते त्याच्या पावलांच्या ठशांवरून. ओडिशांतील वनाधिकारी सरोज राज चौधरी ह्यांनीं १९६६ सालीं ही रीत बसविली. मातींत उमटलेला ठसा कांचेवर रेखून घ्यावा, त्याचा प्लॅस्टरचा साचा करावा, आणि जाणत्या माणसानें ठसे वेगवेगळे लावून वाघांचा आंकडा सांगावा, अशी ती पद्धति. परंतु एकच पाऊल ओल्या चिखलांत मोठें उमटतें व कोरड्या धुळींत निराळें. पुढें राजस्थानांतील सरिस्का अभयारण्यांत कागदोपत्रीं डझनाहून अधिक वाघ असतां, २००५ सालीं तेथें एकहि वाघ उरला नसल्याचें उघड झालें. शिकाऱ्यांनीं ते संपविले होते. हजेरीपटावर सगळे हजर आणि वर्गांत शुकशुकाट, असा तो प्रकार. मास्तर लोकांस त्याची लाज अधिक कळेल.

छायाचित्राची युक्ति त्या मानानें जुनी आहे. संयुक्त प्रांतांतील एक वनाधिकारी चॅम्पियन ह्यांनीं शंभर वर्षांपूर्वीं वाघाच्या वाटेवर तार लावून, रात्रीं लखकन् उजेड पाडून, वाघाकडूनच त्याचें छायाचित्र काढवून घेतलें. त्यांचें पुस्तक १९२७ सालीं निघालें. त्या चित्रांस गणिताची जोड मिळाली ती १९९० नंतरच्या दशकांत, कर्नाटकांतील नागरहोळेच्या अरण्यांत. उल्हास कारंत ह्यांनीं तेथें कॅमेरे लावून एकेक वाघ पट्ट्यांवरून निराळा केला आणि त्यावरून एकंदर वाघांचा अदमास काढला. कन्नडांतील थोर साहित्यिक शिवराम कारंत ह्यांचे हे चिरंजीव. सरिस्काच्या फजितीनंतर सबंध देशाची गणना ह्या वाटेनें होऊं लागली. २००६ सालच्या गणनेंत वाघ १,४११ ठरले. २०१८ सालीं २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लावले गेले आणि साडेतीन कोटींच्या घरांत छायाचित्रें निघालीं. त्यांत वाघांचीं ७६,६५१ होतीं, आणि त्यांतून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले. एवढीं चित्रें नुसत्या डोळ्यांनीं जुळविणें मनुष्याच्या आवांक्याबाहेरचें. म्हणून संगणक वाघाच्या देहाची गोलाई हिशेबांत घेऊन त्याची कातडी जणूं सपाट पसरतो आणि जुन्या नोंदींशीं ताडून संशयित जोड्या पुढें करतो. शेवटचा कौल मात्र माणसाच्या डोळ्यांनीं द्यावयाचा. चोरट्या शिकाऱ्याजवळ कातडें सांपडलें, तर तें कोणत्या अरण्यांतील कोणत्या वाघाचें हेंहि ह्याच रीतीनें लागतें. मेलेला वाघ आपल्या अंगावरच साक्ष लिहून ठेवतो म्हणावयाचा !

येथें आमच्या बंधूंनीं एक मार्मिक शंका काढली. "जे वाघ कॅमेऱ्यापुढें आलेच नाहींत, ते कसे मोजतां ?" नातवानें इंग्रजी नांवांची माळ सुरू केली, तेव्हां आम्ही त्यास थांबविलें, कारण कोडें ऐकतांच आम्हांस तें सुटलें होतें. समजा, हौदांत मासे आहेत. आज दहा मासे पकडले, त्यांस खूण केली आणि सोडून दिलें. आठ दिवसांनीं पुन्हां आठ पकडले. त्यांत खुणेचे चार निघाले. म्हणजे आठांत चार, निम्मे खुणेचे. तर हौदांतील माशांपैकींहि निम्मेच खुणेचे असावेत. आणि खुणेचे दहा आहेत हें ठाऊकच आहे. म्हणून मासे वीस. हें आमचें लीलावतींतलें त्रैराशिक ! वाघास खूण करावी लागत नाहीं, ती देवानेंच करून ठेविली आहे, एवढाच काय तो फरक. खरें गणित ह्याहून पुष्कळ अवघड असतें असें नातू म्हणाला; परंतु मूळ तेंच, हें त्यास कबूल करावें लागलें. मोडलेल्या अब्रूची थोडी डागडुजी झाली.

आणि भास्कराचार्यांचें नांव ह्या प्रसंगीं निघावें हाहि एक योगच. चाळीसगांवापलीकडे पाटणादेवीस भास्कराचार्यांचे नातू चांगदेव ह्यांचा, तेराव्या शतकाच्या आरंभींचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापन केल्याचें त्यांत कोरलें आहे; भाऊ दाजी लाड ह्यांनीं तो प्रथम विद्वानांच्या नजरेस आणिला. तें देऊळ आज गौताळा औट्रमघाट अभयारण्यांत मोडतें. ह्याच अभयारण्यांत मार्च २०२१ मध्यें कॅमेऱ्यापुढें एक वाघ येऊन उभा राहिला. १९४० नंतर त्या रानांत वाघाची नोंद नव्हती. हा आला कोठून ? पट्टे ताडून पाहिले, तेव्हां यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत जन्मलेल्या एका वाघाशीं ते जुळले. तिनशेंहून अधिक किलोमीटर, शेतें, सडका, कालवे आणि गांवें ओलांडून तो खानदेशाच्या वेशीवर आला होता, आणि वाटेंत त्याची फारशी वाच्यताहि झाली नव्हती. त्याच टिपेश्वरचा दुसरा एक वाघ २०१९ सालीं सुमारें तेराशें किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. पण त्याच्या गळ्यांत ठिकाण कळविणारा पट्टा होता. गौताळ्याच्या वाघापाशीं अंगावरील रेघांवांचून कांहीं नव्हतें. तरी 'तोच हा' असें म्हणतां आलें, आणि त्यामुळें विदर्भापासून अजिंठ्याच्या डोंगरांपर्यंत वाघास अजून वाट उरली आहे, हेंहि कळलें.

इतका वेळ ही सारी करमणूक होती. मग आमच्या कुटुंबानें एक प्रश्न विचारला : "पण एवढें ओळखून करायचें काय ? वाघ तो वाघ." नातू गंभीर झाला. म्हणाला, "आजी, एकाद्या बिबट्यानें माणूस मारला म्हणजे गांव म्हणतें, बिबट्याला मारा. पण कोणत्या ?" चाळीसगांव तालुक्यांत २०१७ सालीं काय झालें, तें आम्हां सर्वांस आठवत होतें. माणसें बळी पडत होतीं, सूर्य मावळला कीं दारें लागत होतीं, आणि डिसेंबरांत अखेर गोळी घालावी लागली. ज्यांच्या घरचें माणूस गेलें, त्यांस धीर धरा म्हणणें सोपें नाहीं. तरी एका शिवारांत एकच बिबट्या असतो असें थोडेंच आहे ? अकोल्याकडे ऊंस आणि वस्ती ह्यांच्यामध्यें कॅमेरे लावून पाहिलें, तेव्हां रान नसतांहि शंभर चौरस किलोमीटरांत सुमारें पांच मोठे बिबटे निघाले. पिंजऱ्यांत भलताच सांपडला, तर निरपराध्यास शिक्षा होते. एवढेंच नव्हे, तर खरा मोकळा राहतो आणि गांव निर्धास्त होतें. म्हणून कायद्यानें अशा श्वापदास मारण्यापूर्वीं मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी हुकूम लागतो, आणि वाघाच्या बाबतींत तर छायाचित्रें ताडून 'तोच हा' अशी खातरी आधीं करून घ्यावयाची असते.

निरपराध्यास शिक्षा हे शब्द ऐकले आणि आम्हांस सतरंजीवर बसवेना.

गोष्ट १९८८ सालची. चौथींत आमच्या वर्गांत दोन जुळे भाऊ होते. चेहरा एक, उंची एक, शर्टाचें कापडहि एकाच ताग्यांतलें. दोघेहि हुशार, शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसविण्याच्या मुलांत दोघांचींहि नांवें होतीं. एके दिवशीं मधल्या सुटींत हजेरीपटावर शाईची दौत उपडी झाली. आम्हीं खिडकींतून एकास पळतांना पाहिलें, नांवानें हांक मारली, छडी दिली, आणि तेवढ्यावर न थांबतां परीक्षेच्या यादींतून त्याचें नांव खोडलें. तो एकदांच म्हणाला, "गुरुजी, मी नव्हतों." आम्हीं उत्तर दिलें, "आम्ही आमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवूं, कीं तुझ्या जिभेवर ?" दुसरा भाऊ खालीं मान घालून बसला होता. त्यास पुढें शिष्यवृत्ति मिळाली. तो इंजिनियर होऊन पुण्यास गेला. मार खाल्लेला दहावी होऊन बापाच्या किराणा दुकानांत बसला. तें दुकान आमच्या आळींतच आहे.

बऱ्याच वर्षांनीं एका लग्नांत तो इंजिनियर आम्हांस भेटला आणि पायां पडून म्हणाला, "गुरुजी, ती शाई माझ्या हातून सांडली होती." आम्हीं हंसून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलें, "पोरपणच तें !" क्षमा करतांना आपण किती उदार आहोंत असेंहि त्या वेळीं वाटलें. क्षमा मागावयाची होती ती आम्हीं, आणि ती दुसऱ्याजवळ, हें मनांत आलें नाहीं.

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. सकाळीं स्नानसंध्या आटोपून आम्ही दुकानांत गेलों. तो गूळ तोलीत होता. गिऱ्हाईक निघून गेल्यावर आम्हीं शब्द जुळवून सांगितलें, कीं त्या दिवशीं आम्हीं चुकीच्या मुलास मारलें आणि तुझें नांव खोडलें. तो बराच वेळ तराजूकडे पहात होता.

"गुरुजी, किती वर्षांची गोष्ट काढलीत," तो म्हणाला. मग त्यानें डाव्या भुवईवर बोट ठेवलें. "ही खोक लहानपणापासून आहे. आई म्हणायची, गुरुजींना सांग, खूण पहा म्हणावं. पण तुमच्या खिडकीकडून आमची उजवी बाजूच दिसायची."

खोक चांगली बोटाच्या पेराएवढी होती. त्या दुकानांतून आम्ही कित्येक वर्षें वाणसामान नेत आलों, आणि ती आम्हांस त्या दिवशीं प्रथम दिसली.

झालें गेलें विसरा, असें तो म्हणाला नाहीं. आम्हीहि तशी अपेक्षा धरली नाहीं. त्यानें आमचा गूळ बांधून दिला, पैसे मोजून घेतले, आणि आम्ही पायरी उतरूं लागलों तेव्हां मागून म्हणाला, "मुलगी यंदा शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसते आहे. गणित कच्चं आहे जरा."

आतां ती रोज दिवेलागणीच्या सुमारास आमच्या ओसरीवर येते. पहिल्या दिवशीं तिला त्रैराशिक घातलें, तें हौदांतील माशांचें. तिनें पाटीवर वीस लिहिलें आणि मग विचारलें, "पण आजोबा, खूण नीट पाहिली नाही तर ?" आम्हीं म्हटलें, "तर बाळ, सारें उत्तर चुकतें. म्हणून आधीं दोन्ही बाजूंनीं पहावें."